स्लाइडचा भलामोठा स्कॅन आणि क्यूपाथ : बेळगाव, निपाणी, खानापूरकडून येणारे प्रश्न

हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्यांची मायक्रोस्कोपखाली तपासणी करण्याच्या कामात मी बेळगावात बरीच वर्षं आहे. मेणात बसवलेल्या तुकड्याचा ब्लॉक कापणं, त्याचा पातळ काप म्हणजे सेक्शन पाण्यावरून काचेवर घेणं, रंगवणं, हे माझं मूळ काम. स्कॅन केलेल्या स्लाइड संगणकावर मोजण्याचं काम नंतर आलं, आणि त्याच्या मागोमाग प्रश्न आले. विचारणारे म्हणजे एमडी करणारे निवासी डॉक्टर, दंतवैद्यकाची मुलं, लॅब टेक्निशियनचा कोर्स करणाऱ्या निपाणी-चिकोडीकडच्या मुली, आणि प्रोजेक्टसाठी विषय शोधत उद्यमबागेकडून येणारी इंजिनिअरिंगची मुलं. वॉर्डातला फॉर्म कन्नडमध्ये, प्रबंध इंग्रजीत आणि अडलं की चर्चा मराठीत, असं आमचं चालतं. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे सविस्तर लिहिते आहे. सॉफ्टवेअरमधल्या मेन्यूंची नावं बदललेली नाहीत, कारण पडद्यावर तुम्हाला तीच दिसणार आहेत.

एका स्लाइडचा स्कॅन म्हणजे नेमका केवढा?

काचेवर १५ मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा आहे असं धरा. ४० एक्सला स्कॅन केला तर एक पिक्सेल साधारण ०.२५ मायक्रॉनचा होतो. १५ मिलिमीटर म्हणजे १५,००० मायक्रॉन, म्हणजे एका बाजूला ६०,००० पिक्सेल. दोन्ही बाजूंचा गुणाकार केला की ३६० कोटी. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलने काढलेले ३०० फोटो एकमेकांना जोडावेत तेवढं हे एक चित्र. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे ३ बाइट लागतात, तेव्हा न दाबलेलं चित्र जवळपास ११ जीबी होतं. स्कॅनर ते जेपीईजीसारख्या पद्धतीने दाबून ठेवतो, म्हणून हातात येणारी फाइल काहीशे एमबीपासून एक-दोन जीबीपर्यंत असते. २० एक्सला पिक्सेल ०.५ मायक्रॉनचा, त्यामुळे सगळा हिशेब चौथ्या हिश्श्यावर येतो.

माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. ११ जीबीचं चित्र त्यात उघडणार कसं?

उघडतं, कारण ते कधीच सबंध उघडलं जात नाही. हे एकदा समजलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात, म्हणून इथे थोडी थांबते.

खानापूरकडे कुंभाराच्या घरात उतरंड पाहिली असेल. तळाला सर्वांत मोठं मडकं, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. स्लाइडची फाइल आतून तशीच रचलेली असते. तळाला पूर्ण बारकाव्याचं चित्र, त्यावर तेच चित्र लहान करून, त्यावर आणखी लहान करून, आणि अगदी वर अख्खा तुकडा एका नजरेत मावेल एवढं छोटं. प्रत्येक थराचे पुन्हा चौकोनी तुकडे पाडलेले असतात, जमिनीवर फरशा बसवाव्यात तसे. ५१२ पिक्सेलची फरशी धरली तर आपल्या उदाहरणातल्या तळच्या थरात जवळपास १४,००० फरशा होतात. तुमच्या पडद्यावर एका वेळी त्यातल्या पंधरा-वीसच मावतात. सॉफ्टवेअर तेवढ्याच वाचतं. तुम्ही बाजूला सरकलात की नव्या आणतं. दूर गेलात की वरच्या थरातल्या आणतं.

नेहमीचं फोटो बघण्याचं ॲप मात्र संपूर्ण चित्र मेमरीत ओढायला जातं आणि लॅपटॉप बसतो. तो बिघाड लॅपटॉपचा नाही.

तरी ८ जीबीवर मोजणी करताना ब्राउझर बंद ठेवा आणि एका वेळी लहान भाग घ्या. १६ जीबी असेल तर काम निवांत होतं. रॅमपेक्षाही मोठा फरक डिस्कमुळे पडतो. पेन ड्राइव्हवरून थेट काम करू नका. फाइल आधी लॅपटॉपच्या एसएसडीवर घ्या.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

क्यूपाथ, म्हणजे स्लाइडचे स्कॅन उघडून त्यातल्या पेशी मोजण्याचं मुक्त सॉफ्टवेअर. दहातल्या नऊ जणांना मी हेच सांगते. ते उत्तर आयर्लंडमधल्या क्वीन्स युनिव्हर्सिटी बेलफास्टमध्ये पीट बँकहेड आणि सहकाऱ्यांनी तयार केलं. २०१६ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं आणि त्यावरचा मूळ शोधनिबंध २०१७ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्स या नियतकालिकात आला. आता त्याचं काम एडिनबरा विद्यापीठातून चालतं. विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालतं आणि जावा वेगळं बसवावं लागत नाही.

चित्रांवर मोजमाप करणारं इमेजजे आणि त्याचं फिजी हे रूप पुष्कळांच्या ओळखीचं असतं. कॅमेऱ्याने काढलेल्या एकेका फील्डसाठी ते उत्तमच आहे. पण सुमारे २१४ कोटी पिक्सेलच्या पुढचं एक सलग चित्र त्याला उघडता येत नाही आणि आपलं ३६० कोटींचं आहे. नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरातल्या राडबाउड विद्यापीठाचं एएसएपी खुणा करायला हलकं आहे. सेलप्रोफायलर आणि इलास्टिक हीसुद्धा चांगली साधनं आहेत, पण सुरुवातीलाच चार साधनं घेऊन बसलात तर एकही नीट येणार नाही.

यातल्या बऱ्याच साधनांच्या पोटात दोन ग्रंथालयं (लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच) काम करत असतात, त्यांची नावं माहीत असू द्या. कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेलं ओपनस्लाइड, आणि ओपन मायक्रोस्कोपी एन्व्हायर्नमेंटचं बायो-फॉरमॅट्स. निरनिराळ्या स्कॅनर कंपन्यांच्या फाइल ती वाचतात. एखादी फाइल उघडली नाही की अडचण बहुतेक वेळा इथली असते.

मुक्त म्हणजे फुकटच ना?

फुकट तर आहेच. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. क्यूपाथचा परवाना जीपीएल ३ आहे. पेशी कशी ओळखली, सीमा कुठे धरली, हे कोणालाही आत शिरून वाचता येतं. तुमच्या मार्गदर्शकांनी आकड्याबद्दल शंका घेतली तर तुम्ही तीच आवृत्ती, तेच आकडे, तीच स्लाइड देऊन मोजणी पुन्हा करून दाखवू शकता. आणि कोर्स संपल्यावर चिकोडीला स्वतःची छोटी लॅब काढलीत तरी हे साधन तुमच्यापाशी राहतं. परवान्याचं नूतनीकरण नाही, कुलूप नाही.

आमच्याकडे स्कॅनर नाही. मग शिकायचं कशावर?

शिकण्यासाठी खुल्या स्लाइड भरपूर आहेत. ओपनस्लाइडच्या नमुना फाइलींमध्ये सीएमयू-१ नावाची एसव्हीएस (स्कॅनरच्या एका प्रकारची) फाइल आहे. ४६,००० बाय ३२,९१४ पिक्सेलची, आणि तरी २०० एमबीच्या आत. जोयड्याकडच्या जंगलभागात नेट किती मिळतं हे मला ठाऊक आहे, म्हणून सगळ्यांना हीच फाइल आधी उतरवायला सांगते. मोठ्या कामासाठी अमेरिकेच्या टीसीजीए प्रकल्पातल्या कर्करोगाच्या स्लाइड आहेत. स्तनाच्या कर्करोगातल्या लसीका ग्रंथींच्या ४०० स्लाइडचा कॅमेलिऑन १६ हा संच आहे. त्यात २७० शिकवण्यासाठी आणि १३० चाचणीसाठी ठेवल्या आहेत. हा संच पेन ड्राइव्हचा विषय नव्हे, त्याला बाहेरची हार्ड डिस्क लागते.

मायक्रोस्कोपच्या डोळ्याला मोबाइल लावून काढलेले फोटो चालतील का?

शिकायला चालतील, मोजायला नाही. मोबाइल स्वतःच रंग आणि उजेड बदलत राहतो, कडांना चित्र वाकतं, आणि झूम किती होतं ते नंतर कोणालाच सांगता येत नाही. मायक्रोस्कोपला बसवलेला कॅमेरा असेल तर प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला स्टेज मायक्रोमीटरचा (बारीक मोजपट्टी कोरलेल्या काचेचा) एक फोटो काढून ठेवा. त्यावरून एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन ते ठरतं. असे फील्ड क्यूपाथमध्येही उघडता येतात.

स्कॅन करून फाइल पेन ड्राइव्हवर आणली, घरी उघडत नाही.

तीन कारणं मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत.

पहिलं, पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, अर्थात आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून.

दुसरं, फाइल एमआरएक्सएस या स्कॅनरच्या आणखी एका प्रकारची असते. या प्रकारात .एमआरएक्सएस ही नावापुरती छोटी फाइल असते आणि खरं चित्र त्याच नावाच्या फोल्डरात असतं. मुलं छोटी फाइल तेवढी आणतात. एक मुलगा मिरजेहून फाइल घेऊन परत आला तेव्हा फोल्डर तिकडेच राहिलं होतं, आणि बिचाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी पकडावी लागली. फाइल आणि फोल्डर दोन्ही घ्या, नाव बदलू नका, शेजारी शेजारीच ठेवा.

तिसरं, कॉपी अर्धवट झालेली असते. मूळ फाइलचा आणि आणलेल्या फाइलचा आकार बाइटपर्यंत जुळवून पाहा.

पहिली स्लाइड उघडली. आता काय करू?

काही करू नका. पाच मिनिटं नुसती बघा.

हे मी मनापासून सांगते. अख्खी स्लाइड दुरून पाहा. कुठे सेक्शन दुमडलं आहे, कुठे फाटलं आहे, कव्हरस्लिपखाली हवेचा बुडबुडा कुठे आहे, फोकस कुठे सुटला आहे. पावसाळ्यात इकडच्या दमट हवेत कव्हरस्लिप चिकटवणारं डीपीएक्स वाळायला वेळ लागतो, स्लाइड घाईने स्कॅनरमध्ये जाते आणि कव्हरस्लिप सरकते. अशा जागी सॉफ्टवेअर तरीही आकडा देतं. ती जागा मोजू नये हे त्याला कळत नाही, तुम्हाला कळायला हवं.

मग प्रोजेक्ट तयार करा. रिकामं फोल्डर निवडा आणि स्लाइड त्यात ओढून टाका. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : प्रोजेक्टमध्ये स्लाइडचा फक्त पत्ता साठवला जातो, स्लाइड नाही. प्रोजेक्टचं फोल्डर कॉपी करून मैत्रिणीला दिलंत तर तिच्याकडे तुमच्या खुणा जातील, चित्र जाणार नाही. मीच एकदा डिस्क भरली म्हणून स्लाइडचं फोल्डर दुसरीकडे हलवलं आणि सगळ्या स्लाइड लाल अक्षरांत रुसून बसल्या. केलेलं काम शाबूत होतं, नवा पत्ता दिला की परत आल्या. पण ती संध्याकाळ मला अजून आठवते.

नंतर चित्राचा प्रकार सांगा. साधं हिमॅटॉक्सिलिन-इओसिन (नेहमीचा निळा-गुलाबी रंग) असेल तर ब्राइटफील्ड एच अँड ई, तपकिरी डॅब (प्रतिपिंडाने शोधलेलं प्रथिन जिथे असेल तिथे उठणारा रंग) असेल तर ब्राइटफील्ड एच-डॅब. हे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं.

एस्टिमेट स्टेन व्हेक्टर्स म्हणजे काय? न करता पुढे गेलं तर चालेल?

पिक्सेल लाल-हिरवा-निळा एवढंच सांगतो. त्यात हिमॅटॉक्सिलिन किती आणि डॅब किती ते वेगळं काढावं लागतं. रुईफ्रोक आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये मांडलेली रंग विलग करण्याची रीत इथे वापरतात. प्रत्येक रंग उजेडातले कोणते घटक किती शोषतो यावरून हे गणित होतं. पण तुमच्या लॅबचा निळा आणि बेलफास्टच्या लॅबचा निळा एक नाही. हिमॅटॉक्सिलिनची बाटली, ब्लूइंगसाठी वापरलेलं नळाचं पाणी, सेक्शनची जाडी, सगळ्याने छटा बदलते. म्हणून दोन्ही रंग आणि थोडी कोरी काच येईल असा लहान चौकोन आखा आणि त्यावरून हे व्हेक्टर ठरवा. एका बॅचला एकदा केलं तरी पुरे. मात्र त्या बॅचमधल्या सगळ्या स्लाइडना तेच लावा.

पेशी मोजायला लावल्या तर दोन पेशींची एक होते, किंवा एकीच्या तीन होतात.

ॲनालाइझमध्ये सेल डिटेक्शन आहे, त्यात पॉझिटिव्ह सेल डिटेक्शन घेतलं की एक खिडकी उघडते आणि बरेच आकडे दिसतात. सगळे बदलायचे नसतात. आधी मोजण्याचा पिक्सेल ०.५ मायक्रॉनवर आहे ना ते बघा. मूळचा तोच असतो आणि बहुधा पुरतो. मग सिग्मा. तो मुळात १.५ मायक्रॉन असतो. वाढवला की चित्र गुळगुळीत होतं आणि चिकटलेली केंद्रकं एक होतात. कमी केला की एका केंद्रकातल्या क्रोमॅटिनच्या गुठळ्याही वेगळ्या पेशी होऊन बसतात. त्यानंतर थ्रेशोल्ड. तो मुळात ०.१ असतो. फिकट केंद्रकं सुटत असतील तर खाली आणा, पार्श्वभूमीचा मळ मोजला जात असेल तर वर न्या. शेवटी किमान आणि कमाल क्षेत्रफळ, १० आणि ४०० चौरस मायक्रॉन. लिम्फोसाइटचे तुटके अवशेष गाळायला किमान थोडं वाढवतात.

एका वेळी एकच आकडा बदला. लहान चौकोनात, साधारण शंभर-दोनशे पेशी येतील एवढ्यात, तो चालवून पाहा आणि डोळ्यांनी मोजलेल्याशी ताडा. संपूर्ण ट्यूमरवर मोजणी लावून चहाला जाणं सोपं आहे, पण परत आल्यावर दिसणाऱ्या दोन लाख पेशींमधल्या चुका कोणी शोधत नाही.

आणि खुणेचे दोन प्रकार आहेत हे विसरू नका. अॅनोटेशन म्हणजे तुम्ही हाताने आखलेली हद्द. डिटेक्शन म्हणजे तिच्या आत सॉफ्टवेअरने शोधलेल्या पेशी. हद्द पुसली तर आतली पेशींची रासही जाऊ शकते. विचारतं तेव्हा नीट वाचा.

तपकिरी म्हणजे पॉझिटिव्ह. मग एवढं अवघड काय आहे?

या प्रश्नावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण इथे मी स्वतः फसले आहे.

निपाणी हे तंबाखूचं गाव. बिडी, तंबाखू, गुटखा यांचे दुष्परिणाम आमच्या ब्लॉकमध्ये रोज दिसतात. तोंडाच्या स्लाइड भरपूर असतात. अशाच तोंडाच्या श्लेष्मल त्वचेच्या स्लाइडवर केआय-६७ (विभाजन होणाऱ्या पेशींमध्ये दिसणारं प्रथिन) मोजत होते. तळच्या थरात पॉझिटिव्ह पेशींची रांग लागली, आकडा वर गेला. दोन स्लाइड झाल्यावर शंका आली. निगेटिव्ह कंट्रोलची, म्हणजे ते प्रतिपिंड न लावता रंगवलेली स्लाइड काढून पाहिली, तर तिच्यातही तळचा थर तपकिरीच होता. तो डॅब नव्हता, मेलॅनिन होतं. आपल्या लोकांच्या तोंडात ते नैसर्गिकच असतं, आणि नेमकं त्याच तळच्या भागात असतं जिथे केआय-६७ शोधायचं असतं. क्यूपाथला दोन्ही तपकिरी सारखेच. त्याने काही चूक केली नव्हती, मी त्याला तपकिरी मोज म्हटलं होतं आणि त्याने मोजलं.

आता मी निगेटिव्ह कंट्रोल शेजारी उघडल्याशिवाय मोजायला बसत नाही. क्यूपाथमध्ये दोन स्लाइड शेजारी शेजारी लावता येतात. मेलॅनिन जास्त असेल तर हिमॅटॉक्सिलिनऐवजी गिम्साने किंवा ॲझूर बीने प्रतिरंग देतात. मग मेलॅनिन हिरवट-निळं दिसतं आणि डॅब तपकिरी राहतं. नाहीतर डॅबऐवजी लाल रंगद्रव्य वापरतात.

फसवणारे आणखी आहेत. लहान दवाखान्यातून येणारा तुकडा पुष्कळदा साध्या, बफर न केलेल्या फॉर्मालिनमध्ये असतो. जास्त दिवस राहिला की फॉर्मालिन पिग्मेंटचे काळपट तपकिरी कण पडतात. रक्तस्राव झालेल्या जागी हिमोसिडेरिन (रक्तातल्या लोहाचे तपकिरी कण), फुप्फुसात कोळशाचे कण. दवाखान्यांना बफर केलेलं फॉर्मालिन देण्याचा आग्रह धरा. सॉफ्टवेअरच्या कितीही खटपटीपेक्षा त्याने जास्त काम होतं.

आणि तपकिरी रंग जितका गडद तितकं प्रथिन जास्त, असंही धरू नका. डॅबचा गडदपणा प्रथिनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. आहे की नाही, एवढंच विश्वासाने सांगता येतं.

सर डोळ्यांनी बघून १५ टक्के म्हणतात, सॉफ्टवेअर ११ सांगतं. खरं कोण?

भांडणापूर्वी दोघांनी कोणत्या पेशी मोजल्या ते बघा. एका भागात ट्यूमरच्या १,२०० पेशी आहेत, त्यातल्या १८० पॉझिटिव्ह. म्हणजे १५ टक्के. त्याच हद्दीत ६०० लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) आणि स्ट्रोमाच्या (आधार देणाऱ्या ऊतीच्या) पेशी आहेत, त्यातल्या २० पॉझिटिव्ह. सॉफ्टवेअरने सगळ्या घेतल्या तर १,८०० पैकी २००, म्हणजे ११.१ टक्के. पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्याने लिम्फोसाइट न सांगता वगळल्या. तुम्ही सॉफ्टवेअरला ते शिकवलं नाही.

दोन वाटा आहेत. हद्द फक्त ट्यूमरच्या घरट्यांभोवती आखा, किंवा ऑब्जेक्ट क्लासिफायर शिकवा. काही ट्यूमरच्या पेशी, काही लिम्फोसाइट, काही स्ट्रोमा असे नमुने हाताने दाखवा. निरनिराळ्या स्लाइडमधून दाखवा, एकाच कोपऱ्यातून नको. ट्यूमर कोणता हे ठरवायला पॅथॉलॉजिस्टला शेजारी बसवा. मी वर्षानुवर्षं स्लाइड बघते, तरी ती हद्द मी एकटीने आखत नाही.

दुसरा फरक हॉटस्पॉटचा. कोणी सर्वांत गर्द जागा मोजतं, कोणी संपूर्ण ट्यूमरची सरासरी घेतं. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. कोणता घेतला ते लिहा.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये खोली मोजता येते का?

येते, आणि इकडच्या दंतवैद्यकाच्या मुलांना याचा फार उपयोग आहे. कर्करोगाच्या स्टेज ठरवण्याचे नियम करणाऱ्या अमेरिकेतल्या एजेसीसीच्या आठव्या आवृत्तीपासून तोंडाच्या कर्करोगाच्या टी-स्टेजमध्ये आक्रमणाची खोली धरतात, ५ मिमी आणि १० मिमी या पायऱ्यांनी. शेजारच्या निरोगी श्लेष्मल त्वचेच्या बेसमेंट मेम्ब्रेनची (तिच्या तळाशी असलेल्या पातळ पडद्याची) पातळी धरायची आणि तिथून सर्वांत खोल ट्यूमर पेशीपर्यंत काटकोनात रेघ सोडायची. गवंडी ओळंबा सोडतो तशी. क्यूपाथच्या रेघेच्या साधनाने ती ओढली की लांबी मायक्रॉनमध्ये मिळते. ट्यूमर वर फुगलेला असेल तर वरच्या टोकापासून मोजू नका, ती जाडी झाली, खोली नव्हे. आणि तुकडा तिरका कापला गेला असेल तर कोणतंही सॉफ्टवेअर खरी खोली देणार नाही. तिथे ग्रॉसिंग करणाऱ्याचा, म्हणजे आलेला तुकडा पाहून कापणाऱ्याचा हातच कामाचा.

लांबी मायक्रॉनऐवजी पिक्सेलमध्ये येते आहे.

फाइल कुठेतरी साध्या जेपीईजीत किंवा टिफमध्ये बदलताना पिक्सेलचं माप हरवलं. मूळ स्कॅन मिळवा. नसेलच, तर स्कॅनरच्या नोंदीतलं माप इमेज टॅबमध्ये हाताने भरा. अंदाजाने भरू नका.

प्रोग्रामिंग आलंच पाहिजे का?

नाही. एका स्लाइडवर जे केलं त्याची नोंद वर्कफ्लो टॅबमध्ये आपोआप होते. तिथून स्क्रिप्ट तयार करा आणि रन फॉर प्रोजेक्ट म्हणा, तीच पावलं बाकी स्लाइडवर चालतात. भाषा ग्रूव्ही आहे, पण सुरुवातीला तुम्हाला तिच्यातलं अक्षरही लिहावं लागत नाही. रात्री लावून ठेवत असाल तर पावसाळ्यातल्या विजेचा भरवसा धरू नका. लॅपटॉपची बॅटरी बरी असली तरी बाहेरची डिस्क वेगळ्या प्लगवर असते.

इंजिनिअरिंगच्या मुलांना मी पायथनमधलं ओपनस्लाइड दाखवते. फरशा वाचायच्या, हव्या त्या उचलायच्या, हे दोन तासांत जमतं.

स्टारडिस्ट किंवा सेलपोजसाठी महागडं ग्राफिक्स कार्ड लागतं का?

दोन्ही केंद्रकं-पेशी ओळखायला शिकवलेली एआय साधनं आहेत. स्टारडिस्ट क्यूपाथला जोडता येतं आणि आधीच शिकवलेल्या मॉडेलसह साध्या प्रोसेसरवरही चालतं, फक्त सावकाश. दाटीत चिकटलेली केंद्रकं ते छान सुटी करतं. सेलपोजला कार्ड असलं तर बरं. पण आधी साध्या पद्धतीने हात बसवा.

वेगवेगळ्या दिवशी रंगवलेल्या स्लाइडची तुलना करता येते का?

जमेल तितक्या एकाच बॅचमध्ये रंगवा. जमत नसेल तर प्रत्येक बॅचमध्ये तोच कंट्रोल ब्लॉक ठेवा. रंग नंतर गणिताने सारखे करण्याच्या रीती आहेत, पण त्यांनी फिकी स्लाइड गर्द होत नाही, नुसती गर्द दिसते.

नाव खोडलं की रुग्णाची ओळख गेली ना?

नाही, आणि आपल्या भागात तर मुळीच नाही.

पहिली जागा फाइलच्या आतली. स्कॅनर काचेच्या लेबलचाही फोटो काढतो आणि तो एसव्हीएस, एनडीपीआयसारख्या फाइलीत मुख्य चित्राच्या सोबत बसलेला असतो. फाइलचं नाव बदललं तरी तो आत राहतो. क्यूपाथच्या इमेज टॅबमध्ये जोडचित्रांची यादी दिसते, ती उघडून पाहा. कित्येकदा पेन्सिलने लिहिलेलं पूर्ण नाव समोर येतं. स्कॅन करण्यापूर्वीच लेबलवर नुसता कोड असावा हे सर्वांत चांगलं. ते झालं नसेल तर क्यूपाथमधून ओएमई-टिफमध्ये निर्यात करा. त्यात मुख्य चित्र जातं, लेबल जात नाही.

दुसरी जागा तुमच्या तक्त्यातली. एका मुलीच्या तक्त्यात नावं नव्हती, पण गाव, वय, व्यवसाय आणि ऑपरेशनची तारीख होती. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात बावन्न वर्षांची, बिडी वळणारी, त्या महिन्यात जबड्याचं ऑपरेशन झालेली बाई किती असणार? गावातला कोणीही बोट दाखवेल. तिचं दुखणं तिने कोणाला सांगितलं आणि कोणाला नाही, हे आपल्याला माहीत नसतं. गावाऐवजी तालुका, वयाऐवजी दशक, तारखेऐवजी वर्ष लिहा. कोड आणि नावाची यादी वेगळी, कुलपात.

आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच. जुन्या ब्लॉकवर काम असलं तरी नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या.

या आकड्यावरून रिपोर्ट देता येईल का?

नाही. क्यूपाथ संशोधनासाठी आहे. रिपोर्ट पॅथॉलॉजिस्टचा.

प्रबंधात पद्धत कशी लिहू?

अशी, की खानापूरच्या एखाद्या मुलीला ती वाचून तेच काम पुन्हा करता यावं. 'क्यूपाथ वापरून मोजणी केली' एवढ्या एका ओळीने काही कळत नाही. उदाहरण म्हणून हा मजकूर घ्या आणि आकडे तुमचे भरा :

'स्लाइड ४० एक्सला स्कॅन केल्या, पिक्सेलचं माप ०.२५ मायक्रॉन. क्यूपाथची आवृत्ती अमुक. प्रत्येक रंगाच्या बॅचसाठी स्टेन व्हेक्टर एकदा ठरवून त्या बॅचमधल्या सर्व स्लाइडना लावले. ट्यूमरची हद्द पॅथॉलॉजिस्टने आखली. दुमडलेला, फोकसबाहेरचा आणि मृत भाग वगळला. पॉझिटिव्ह सेल डिटेक्शनमध्ये पिक्सेल ०.५ मायक्रॉन, सिग्मा अमुक, थ्रेशोल्ड अमुक, डॅबची मर्यादा अमुक. प्रत्येक स्लाइडसोबत निगेटिव्ह कंट्रोल तपासला, मेलॅनिन आढळलेल्या अमुक स्लाइड वगळल्या. सरासरी संपूर्ण ट्यूमरवरची आहे, हॉटस्पॉटची नाही.'

आवृत्तीचा आकडा हेल्प मेन्यूत मिळतो. मोजणी सुरू करण्यापूर्वीच तो वहीत लिहून ठेवा, आणि प्रबंध होईपर्यंत सॉफ्टवेअर अपडेट करू नका. स्क्रिप्ट परिशिष्टात जोडा.